मराठी बोलणारा डबा

नारायणगुड्याच्या चौकातून आत वळलं की एक अरुंद गल्ली लागते. तिथली दुकानं अशी चिकटून बसली आहेत की एका दुकानात कोणी शिंकलं तर शेजारचा दुकानदार रुमाल पुढे करील. त्यातलं निळ्या पाटीचं दुकान नरहरराव बिरादारांचं. पाटीवर तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही लिप्यांत एकच गोष्ट लिहिलेली: इथे कुकर दुरुस्त होतो.

सकाळी शटर वर गेलं की नरहरराव प्रवेश करीत. प्रवेशच म्हणायला हवा. उंच ताठ बांधा, पांढरी बंडी, कपाळाला गंध. फडक्याने काउंटर पुसून, हात टेकवून ते असे उभे राहत, जणू समोर भरलेलं थिएटर आहे आणि तिसरी घंटा आत्ताच झाली आहे. दुरुस्त झालेला कुकर ते गिऱ्हाइकाच्या हातात नुसता कधी ठेवत नसत. आत पेलाभर पाणी घालून तो दुकानातल्याच शेगडीवर चढवायचा, गिऱ्हाइकाला बसवून घ्यायचं आणि एक खणखणीत शिट्टी होऊ द्यायची. शिट्टी झाली की म्हणायचे, "झालं. पोरगी नांदायला तयार आहे. घेऊन जा, आणि सासुरवास करू नका."

त्यांचे वडील उदगीरकडच्या एका खेड्यातून हैदराबादला आले ते भांड्यांना कल्हई करायला. शेत भावांत वाटून उरलं नव्हतं आणि अंगात कष्ट होते. लहानपणी नरहर भात्यापाशी बसायचा. नवसागराचा तो झोंबरा धूर, आणि धुरातून चांदीसारखं उजळून बाहेर येणारं पातेलं! मोठेपणी ते म्हणत, अशी जादू पुढे कोणी दाखवली नाही. मग पितळ गेलं, स्टील आलं. कल्हईवाले एकेक करून गावी परतले. नरहररावांनी मात्र भाता मोडीत घातला आणि कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, व्हॉल्व्ह शिकून घेतले. काळ बदलला म्हणून कपाळाला हात लावून बसणाऱ्यांतले ते नव्हते. एकदा बदललो, पुन्हा बदलू, असा त्यांचा खाक्या होता.

पण दोन वर्षांपूर्वी त्यांना दुकानाच्या दाराची चौकट वाकडी दिसू लागली. सुताराला बोलावलं. तो चौकटीला ओळंबा लावून म्हणाला, "सीधी है साब." मग नरहरराव गुपचूप कोठी भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. चालता-फिरता येईल, कडेचं दिसत राहील; पण ज्याच्याकडे रोखून बघाल तेच पुसलं जाईल.

तसंच झालं. रंगमंचाच्या मधोमध काळोख आणि दोन्ही विंगा मात्र लख्ख उजळलेल्या. समोरच्या माणसाचा खांदा दिसे, छत्री दिसे, चेहरा नाही. पाटी दिसे, अक्षरं नाहीत.

हे त्यांनी फक्त बायकोला, इंदुमतीबाईंना सांगितलं, आणि वर शपथ घातली. कारण होतं शिल्पा. एकुलती एक लेक. मागे शहरात कुठेतरी कुकर फुटून एक बाई भाजल्याची बातमी आली होती. शिल्पाने ती वडिलांना वाचून दाखवली आणि म्हणाली होती, "अप्पा, ज्या दिवशी तुमचे डोळे दगा देतील त्या दिवशी शटर खाली. मी कोणाचं ऐकणार नाही." आणि नरहररावांनी मोठ्या रुबाबात तिच्या हातावर हात मारला होता. तेव्हा डोळे शाबूत होते. आता दुकान राखायचं तर गुपित राखणं आलं.

काम अडत नव्हतं. रिंग कोणत्या मापाची, व्हॉल्व्ह कोणत्या कंपनीचा, आटे झिजले की नाहीत, हे बोटं सांगत. अडत होतं ते पैशांपाशी. नोटा सगळ्या सारख्याच लागत. आणि हल्ली नोटा देतंय कोण? काउंटरवरच्या चौकोनी नक्षीसमोर फोन धरायचा की काम झालं. पैसे आले की शेजारचा छोटा डबा बोलायचा. नरहररावांना तो डबा देवदूतासारखा वाटला होता. फोनमध्ये डोकावायला नको, कोणाला विचारायला नको. डबा बोलला की पैसे आले.

हा डबा लेकीच्याच कंपनीचा. कंपनीचं नाव 'चुटकी'. शिल्पा तिथे फोनच्या पडद्यावर काय कुठे दिसावं, डब्याने काय बोलावं, हे ठरवणाऱ्यांत होती. मोठ्या कौतुकाने तिने वडिलांची अख्खी गल्ली 'चुटकी'च्या झेंड्याखाली आणली. एकूणएक दुकानात तोच डबा आणि त्यात तीच गोड बाई, तेच गोड हिंदी. घोटाळा तिथेच झाला.

एका दुपारी एक माणूस कुकरची रिंग घेऊन फोनशी खटपट करत होता. तेवढ्यात रिक्षा भरभरत गेली आणि बाईचा आवाज आला, "चुटकी पर..." नरहरराव म्हणाले, "आले. या." माणूस चकित होऊन बघत राहिला आणि सटकला. शेजारच्या दुकानातून खाजाभाईंनी मान बाहेर काढली. खाजाभाई लेस आणि बटणं विकतात. दोघांचा शेजार इतका जुना की शुक्रवारी खाजाभाई नमाजाला गेले की त्यांच्या गल्ल्यावर नरहरराव बसत, आणि नरहरराव जेवायला घरी गेले की कुकर खाजाभाई उतरवून घेत.

"बिरादारसाब, वो मेरा डब्बा बोला," खाजाभाई म्हणाले. "आपका तो चुप बैठा है. कैकु जाने दिये उसको?"

"अरे, हे सगळे एकाच बाईच्या आवाजात बोलतात. कळायचं कसं?"

"हरी बत्ती जलती ना मियाँ. बत्ती देखो."

नरहररावांनी बत्ती बघितल्यासारखं केलं. खाजाभाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले, मग काही न विचारता एका बाईला बटणं मोजून द्यायला आत गेले. असं आठवड्यातून कितीदा तरी होऊ लागलं. कधी पैसे दुसऱ्याचे आणि माल यांचा, तर कधी यांचे पैसे येऊनही हे गिऱ्हाइकाला थांबवून ठेवत. गल्लीत कुजबुज सुरू झाली की बिरादारसाब आता विसरू लागले.

रविवारी शिल्पा तारनाक्याहून माहेरी आली. इंदुमतीबाईंनी बगारा बैंगन आणि भाकरी केली होती. पानावर बसायच्या आधीच शिल्पाने पर्समधून काहीतरी काढलं.

"अप्पा, हात पुढे करा."

तळहातावर एक थंडगार, गुळगुळीत वस्तू आली.

"हे काय? पाटी?"

"फोन. तुमचा तो बटणांचा डबडा आता म्युझियमला द्या."

नरहररावांनी बोटं फिरवली. मग उलटा करून फिरवली. "आणि याची बटणं?"

"कडेला दोन आहेत. एक चालू-बंदचं आणि एक आवाजाचं."

"उपकार झाले! कानात घालायच्या वायरीचं भोक?"

"काढून टाकलं. भोक नसलं की फोन पातळ होतो, पाणी शिरत नाही. बिनवायरचे हेडफोन मिळतात ना."

"फुकट?"

"फुकट कसे मिळतील?"

"म्हणजे भोक बुजवलं कंपनीने आणि त्याचं दुःख आम्ही विकत घ्यायचं." नरहरराव रंगात आले. "बरं, बॅटरी काढता येते?"

"नाही. आतच चिकटवलेली असते."

"ऐकलंस का गं इंदू? उद्या मी कुकरचं झाकण डकवून विकतो. बायकांना सांगतो, आत भात आहे, विश्वास ठेवा!"

इंदुमतीबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "तुम्ही बोलालाव भारी, पण जेवा आधी."

शिल्पाही हटणारी नव्हती. "कुकरचं झाकणही वाफ असताना उघडत नाही, अप्पा. ते कशासाठी? वापरणाऱ्याच्या भल्यासाठीच ना? लोक बॅटऱ्या उघडायचे, रस्त्यावरच्या कोंबायचे, त्या फुगायच्या. प्रत्येक बटण म्हणजे धूळ जायला एक फट. आणि काच हवं ते रूप घेते. तेलुगूवाल्याला तेलुगू, उर्दूवाल्याला उर्दू, चष्मेवाल्याला मोठी अक्षरं. तुमच्या बटणांवर एकदा आकडे छापले की जन्मभर तेच."

"हा मुद्दा बरा आहे," नरहरराव म्हणाले. "हिला अजून एक वांगं वाढ गं. पण बाळ, वस्तूने बोटाशी बोललं पाहिजे. बाई पहाटे अंधारात कुकर लावते. दांड्यावर दांडा बसला की हाताला कट्‌ लागतं आणि तिला कळतं, बसलं. तुझ्या काचेवर पाच कुठे, सात कुठे, कसं कळायचं?"

"बघून."

एवढाच शब्द. नरहररावांचा हात ताटात तसाच राहिला.

"आणि न बघताही कळतं," शिल्पा उत्साहाने पुढे म्हणाली. "आमच्या ऑफिसात श्रीकांत आहे, त्याला जन्मापासून दिसत नाही. याच काचेवर तो बोट फिरवतो आणि बोट कशावर आहे ते फोन त्याच्या कानात सांगतो. माझ्याहून भरभर काम करतो."

नरहररावांच्या ओठांवर प्रश्न आले. कसं फिरवतो? कोणी शिकवलं? म्हाताऱ्या माणसाला जमतं का? पण यातला एक जरी विचारला असता तरी लेकीचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. इंदुमतीबाई चुलीपाशी थबकल्या होत्या. विचारा हो, असं त्यांची पाठसुद्धा म्हणत होती.

"भात वाढ," नरहरराव म्हणाले.

मग त्यांनी विषय डब्यावर नेला. "तुमची ती बाई सगळ्या गल्लीत एकाच सुरात ओरडते. कोणाच्या दारात ओरडली ते कळत नाही."

"एकच आवाज मुद्दाम ठेवलाय, अप्पा. तो ऐकला की लोकांना 'चुटकी' आठवते. आणि डब्यावर हिरवा दिवा लागतो की!"

"मराठीत बोलव ना तिला. निदान आमच्याकडे तरी."

शिल्पाने निःश्वास सोडला. "मागितलं होतं. वरचे विचारतात, हैदराबादेत मराठी दुकानदार किती? उत्तर दिलं की हसतात. त्या 'खनक'वाल्यांकडे आहे मराठी. त्यांचा धंदाच मुळी पुण्याकडे सुरू झाला ना. आता इथे आमची दुकानं फोडायला निघालेत. गल्लीगल्लीत माणसं फिरतात त्यांची."

नवा फोन कपाटात गेला. पण लेकीचं शेवटचं वाक्य नरहररावांनी मनात ठेवलं.

'खनक'ची त्या भागातली एजंट भाग्यलक्ष्मी. तिशीतली, स्कूटरवरून फिरणारी, खांद्याला डब्यांची पिशवी. कितीतरी दिवस ती गल्लीत येऊन हात हलवत परत जात होती. त्या सोमवारी नरहररावांनीच तिला हाक मारली.

"बागुन्नारा अंकल?" तेलुगूत खुशाली विचारून ती आश्चर्याने म्हणाली, "आपके घर का तो कंपनी है ना?"

"डबा मराठीत बोलतो का सांग."

भाग्यलक्ष्मीने डबा काउंटरवर ठेवला, बटण दाबलं, आणि त्यातून एक भारदस्त पुरुषी आवाज आला: "नमस्कार. खनकवर आपलं स्वागत आहे." हैदराबादच्या त्या गल्लीत, रिक्षांच्या कलकलाटात, जणू कोणी खानदानी नट विंगेतून एकदम पुढे आला. नरहररावांनी नकळत हात जोडले.

त्या दिवसापासून घोटाळा संपला. गोड बाई हिंदीत काहीही म्हणो, ते दुसऱ्याचं. भारदस्त बुवा मराठीत बोलले की ते आपलं. 'चुटकी'चा डबा त्यांनी रिंगांच्या खोक्यामागे ठेवून दिला. खाजाभाईंनी मात्र टोकलंच. "क्या साब, बिटिया की कंपनी छोड़ दिये?"

"हा मराठीत बोलतो, खाजाभाई."

"तो मेरा वाला क्या अरबी में बोलतै?" खाजाभाई हसले आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "बिटिया को आप बोलो. हौर कोई बोला तो बुरा लगेगा."

नरहरराव "बोलतो, बोलतो" म्हणत राहिले. बोलायचं म्हणजे कारण सांगायचं, आणि कारण सांगायचं म्हणजे दुकान जायचं.

एका गुरुवारी शिल्पा न सांगता गल्लीत आली. 'चुटकी'च्या जाहिरातीसाठी तिला या दुकानांचे फोटो हवे होते; संपूर्ण गल्ली एका कंपनीची, असं त्यावर लिहायचं ठरलं होतं. सुरुवात अर्थात वडिलांच्या दुकानापासून. तिने फोन वर उचलला आणि तसाच खाली घेतला.

"अप्पा. हा डबा कोणाचा?"

नरहररावांनी आवाजावरून ओळखलं, आणि पाठ केलेली असावी तशी नक्कल म्हणून टाकली, "मराठीत बोलतो तो. आपल्या भाषेचा अभिमान नको का?"

"अभिमान! माझ्या बापाच्या काउंटरवर 'खनक'चा डबा! उद्या ऑफिसात लोक म्हणतील, हिच्या घरच्यांनाच हिचं काम नको आहे. खरंच नको होतं तर मला सांगायचं होतं. असं अचानक का कळावं?"

"दुकान माझं आहे. कोणाचा डबा ठेवायचा ते मी ठरवीन."

"ठरवा ना. पण कारण तरी खरं सांगा. दिवसभर गिऱ्हाइकांशी दखनी हिंदी झोडता आणि आजच मराठीचा पुळका?"

नेमक्या याच वेळी वंदनाताई आल्या. तारनाक्याला विद्यापीठातल्या मुलींसाठी त्या खानावळ चालवतात. त्यांचा मोठा कुकर वर्षानुवर्षं नरहररावांच्याच हाताखालून जातो. कुकर तयार होता, त्यांच्या माणसासमोर शिट्टी सकाळीच झाली होती. त्यांनी फोन समोर धरला, काहीतरी दाबलं आणि म्हणाल्या, "दिले हं काका." कुकर काखेत मारून त्या निघाल्या.

डबा गप्प.

"वंदनाताई, थांबा. आले नाहीत."

"गेले की. हे बघा." त्यांनी फोन नरहररावांच्या तोंडासमोर धरला. हिरवी खूण चांगली बशीएवढी होती.

"डबा बोलला नाही."

"नेट गेलं असेल हो तुमच्या डब्याचं. पण इथे लिहिलंय ना!"

एरवी नरहरराव म्हणाले असते, जा, नंतर बघू. पण लेक शेजारी उभी, तिचे शब्द ताजे, आणि समोर एक झगझगीत चौकोन ज्याच्या ऐन मध्यावर काळोख. त्यांचा तोल गेला. "मला नका दाखवू!" ते गरजले. "लिहिलेलं कोणीही दाखवतं! खोटे फोटो दाखवून पळणारे रोज येतात इथे!"

त्यांचा आवाज मुळात मोठा. गल्लीतली माणसं वळून बघू लागली. वंदनाताईंनी कुकर शांतपणे काउंटरवर ठेवला. "काका, मी तुमच्याकडे कधी खोटं बोलले?" एवढंच विचारून त्या रिकाम्या हातांनी गेल्या.

शिल्पाला पडद्यावरची पैसे गेल्याची खूण स्पष्ट दिसली होती. आणि तिने आणखीही एक पाहिलं होतं. वडिलांनी पडद्याकडे बघितलं नव्हतं. मान तिरकी करून ते फोनच्या कडेला काहीतरी शोधत होते. तिने शटर अर्धं खाली ओढलं.

"अप्पा, माझ्या कुर्त्यावर काय आहे?"

"निळा आहे."

"निळ्यावर काय आहे?"

नरहररावांनी फडकं उचलून काउंटर पुसायला घेतला.

"माझा चेहरा दिसतो?"

"कडेने बघितलं तर कान दिसतो," नरहरराव म्हणाले. "तुझ्या आजीचा कान आहे तुला."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं तुम्हाला माझा चेहरा दिसत नाही, आणि मला माहीत नाही?"

"चेहरा पाठ आहे, बाळ."

शिल्पा खोक्यावर मटकन बसली.  मग नरहररावांनी सगळं सांगितलं: चौकट, कोठीचा डॉक्टर, गोड बाईचे घोटाळे, मराठी बुवा. सांगता सांगता त्यांचा तो नाटकी डौल गळून पडला आणि उरला एक म्हातारा कारागीर.

"मीच म्हटलं होतं ना, शटर खाली करीन," शिल्पा हळूच म्हणाली. "म्हणून लपवलंत."

"हौ. आता कर. मी अडवणार नाही. हातावर हात मारलाय."

"आणि मी त्या डब्यावर दिवा बसवला! हिरवा दिवा! सहा महिने आम्ही रंगावर वाद घातला, अप्पा. एकानेही विचारलं नाही की ज्याला दिवाच दिसत नाही त्याचं काय."

"तुझा काय दोष? मी सांगितलंच नाही."

"नाही सांगितलंत. मला नाही, ते सोडा. गिऱ्हाइकांना?" तिचा आवाज आता कडक झाला. "तुमच्या बोटांना व्हॉल्व्ह कळतो, मान्य. पण ज्या बाईच्या तोंडासमोर तो कुकर चढतो तिला माहीत आहे का, की बसवणाऱ्याला दिसत नाही? तिला विचारलंत?"

नरहररावांनी खूप सवाल-जवाब ऐकले होते आयुष्यात. याचा जबाब तारनाक्यालाच द्यायचा होता.

"आधी वंदनाताई," ते म्हणाले आणि काउंटरवरचा कुकर उचलला.

दोघं रिक्षाने निघाली. तारनाक्याच्या त्या खानावळीत मुलींची जेवणाची वेळ झाली होती. ताटांचा खडखडाट, आमटीचा वास, कोणीतरी तेलुगूत कोणाला तरी चिडवत होतं. वंदनाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि शिल्पाकडे बघत राहिल्या. नरहररावांकडे त्यांनी मुद्दामच बघितलं नाही.

"ताई, चूक झाली," नरहरराव म्हणाले. "पैसे तुम्ही दिले होते. ते तुम्ही दाखवलेत, पण मला दिसलं नाही. मला मधलं दिसतच नाही आता. माणसाचं तोंड दिसत नाही, अक्षर दिसत नाही. ते झाकायला मी तुमच्यावर ओरडलो."

घरच्या माणसांखेरीज कोणापुढे हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. त्यांना वाटलं होतं, वंदनाताई हळहळतील, अरेरे म्हणतील. वंदनाताईंनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच.

"मग हा व्हॉल्व्ह तुम्ही न बघता बसवलात?"

"हो. बोटांनी."

"आणि गेल्या वर्षीचा?"

"तोही."

वंदनाताईंनी आतल्या गोंगाटाकडे मान वळवली. "काका, चाळीस पोरी जेवतात माझ्याकडे. दोघी आत कुकरपाशी हाताखाली असतात. मला सांगायला हवं होतंत."

नरहररावांनी मान खाली घातली.  शिल्पा पुढे होऊ लागली, तर त्यांनी हातानेच तिला थोपवलं. हा प्रवेश त्यांचाच होता.

तेवढ्यात आतून एक मुलगी ओरडली, "आंटी, चारू कावाली!" वंदनाताई जाऊन सार वाढून आल्या. आल्यावर म्हणाल्या, "ओरडल्याचं मी विसरले. कुकर तुमच्याकडेच येईल, कारण इतक्या वर्षांत तो कधी बिघडून परत आलेला नाही. पण यापुढे व्हॉल्व्ह बसवाल तेव्हा माझ्या माणसाला समोर बसवायचं. आटे पुरे बसले की नाही ते तो डोळ्यांनी बघेल, मगच कुकर उचलेल. चालेल?"

उभ्या आयुष्यात नरहररावांच्या कामावर कोणी पहारेकरी बसवला नव्हता. कल्हईच्या भात्यापासून आजवर त्यांचा हात म्हणजे शेवटचा शब्द.  त्यांनी हातातला कुकर समोर ठेवला.

"चालेल," ते म्हणाले. "आणि हाच आत्ता उघडून बघा. मी सांगतो कसं बघायचं ते."

तिथेच, ताटांच्या खडखडाटात, त्यांनी वंदनाताईंना व्हॉल्व्ह फिरवून दाखवला. कुठे फट राहिली तर धोका, बोट कुठे ठेवायचं, नजर कुठे ठेवायची. वंदनाताईंनी दोनदा तपासलं. मग कुकर आत पाठवला.

परतताना शिल्पा म्हणाली, "शटर खाली करत नाही मी. पण लपवणं आजपासून बंद. सगळ्यांना सांगायचं. ज्याला पटेल तो येईल."

"आणि नाही पटलं तर?"

"तर नाही येणार. ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही." जरा थांबून ती पुढे म्हणाली, "आणि तो 'खनक'चा डबा काउंटरवरच राहू द्या. ऑफिसात मी सांगते काय सांगायचं ते. मला एवढं एकच सांगा, त्या बुवाचा आवाज खरंच चांगला आहे?"

"नांदीला उभा राहील असा."

"मग आमच्या बाईचं काही खरं नाही," शिल्पा म्हणाली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. ते नरहररावांना दिसलं नाही, पण तिचा हात वर गेलेला कडेने दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहररावांनी आधी खाजाभाईंना सांगितलं. खाजाभाई म्हणाले, "मालूम था साब. आप बोलते नै थे, तो मैं पूछा नै." मग एकेका गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात झाली. सोपं नव्हतं ते. कोणी "अय्यो" म्हणून कुकर उचलून चालू लागलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने गावाला जायचं आहे, नंतर येतो, असं सांगितलं आणि मग तो पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून कुकर नेताना दिसला. दिसला म्हणजे खाजाभाईंना. पहिल्या महिन्यात शेगडी बऱ्याचदा थंडच असायची. इंदुमतीबाई दुपारी जेवणाचा डबा घेऊन येत आणि शेजारी बसून राहत. काहीजण मात्र थांबले. व्हॉल्व्ह बसताना ते वाकून बघत, प्रश्न विचारत, आणि नरहरराव त्यांना शिकवत शिकवत काम करत. आपलं काम कोणी इतक्या जवळून बघतंय याची त्यांना पहिले काही दिवस लाज वाटली. मग हळूहळू मजा वाटू लागली.

अशाच एका सकाळी दारात एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. बोलण्यावरून वकील वाटत होते. जुन्या शहरी घरातलं, तोलूनमापून मराठी.

"बिरादार तुम्हीच का? तुम्हाला दिसत नाही, असं ऐकलं."

"मधलं दिसत नाही, साहेब. कडेचं दिसतं. आत्ता तुम्ही दाराच्या कडेला उभे आहात, तेव्हा छान दिसताय."

गृहस्थ हसले नाहीत. "आमच्याकडे नातवंडं आहेत स्वयंपाकघरात. सेफ्टी व्हॉल्व्ह बदलायचाय."

"मी बसवतो, तुम्ही बघा. कुठे बघायचं ते सांगतो. मन घेत नसेल तर पलीकडच्या गल्लीत दुसरं दुकान आहे. माणूस चांगला आहे, हातही बरा आहे त्याचा."

गृहस्थ तिथेच उभे राहिले.  काउंटरवर दोन्ही हात टेकून, ताठ मानेने नरहरराव वाट बघत राहिले. खाजाभाईंच्या दुकानात गोड बाई हिंदीत काहीतरी बोलून गेली. रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

मग काउंटरवर काहीतरी जड टेकल्याचा आवाज आला.

"कोणत्या कंपनीचा आहे, साहेब?" नरहररावांनी विचारलं आणि झाकणाकडे हात नेला. "असे या इकडे. उजेड तुमच्या बाजूला असू द्या."